कोयता एक, माणसे दोन

(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अंबाजोगाईच्या योगेश्वरीची आख्यायिका या सभेत बसलेल्या बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली आहे. परळीच्या वैद्यनाथाशी देवीचा विवाह ठरला, वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला. वऱ्हाडाच्या शिळा झाल्या आणि देवी कुमारिकाच राहिली. येथील लेण्यांना लोक आजही 'जोगाईचा मांडव' म्हणतात. नवरा नसलेली ही देवी अनेक घराण्यांची कुलस्वामिनी आहे आणि तिच्या एकटेपणात कोणालाही काही उणे वाटत नाही. मार्गशीर्षात तिचा उत्सव भरतो. त्या दिवसांत बालाघाटाच्या डोंगररांगांतील केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या भागांतील हजारो स्त्रिया मात्र आपापल्या गावी नसतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर येथील किंवा कर्नाटकातील बेळगावकडील उसाच्या फडात त्या पहाटेच्या अंधारात उभ्या असतात. ज्या वहीत त्यांच्या श्रमाची नोंद होते, त्या वहीत एकट्या स्त्रीला जागा नसते. नवऱ्याबरोबर आलेल्या स्त्रीलाही नसते.

आजचा विषय 'स्त्री-पुरुषांतील भेद आणि विषमता' असा जाहीर झालेला आहे. यातील 'भेद' हा शब्द फसवा आहे. भेद निसर्गात असतात, त्यांवर भांडण्याचे कारण नाही. भांडण आहे ते त्या भेदांवर समाजाने लावलेल्या भावाशी. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली तेव्हा त्यांना स्त्री आणि पुरुष सारखे आहेत हे सिद्ध करायचे नव्हते. एकाच कृत्याला पुरुषाच्या बाबतीत एक माप आणि स्त्रीच्या बाबतीत दुसरे माप का, हा त्यांचा प्रश्न होता. अर्थशास्त्राच्या भाषेत तो हिशेबाचा प्रश्न आहे आणि बीड जिल्ह्यात तो अक्षरशः हिशेबाच्या वहीतच सापडतो. तेव्हा सर्वसामान्य सिद्धान्तापेक्षा त्या वहीकडेच पाहिलेले बरे.

ऊसतोडीच्या धंद्यात मजुराला 'कोयता' म्हणतात हे सर्वांना ठाऊक आहे. माणसाला त्याच्या हत्याराचे नाव द्यावे यात जे काही आहे ते आहेच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. पावसाळ्याच्या सुमारास मुकादम गावात येतो, कारखान्याकडून आणलेल्या पैशांतून उचल देतो, आणि ती कोयत्यामागे देतो. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे गेलेली आहे. उचल घेतो पुरुष, कागदावर सही किंवा अंगठा असतो पुरुषाचा, आणि पैसा खर्च होतो तो पूर्वीचे देणे, एखादे लग्न, एखादे दुखणे किंवा घराचे पत्रे यांवर. ज्या कर्जाच्या फेडीसाठी पुढले पाच-सहा महिने स्त्रीला राबायचे असते, त्या कर्जाच्या व्यवहारात तिला कोणी विचारलेलेही नसते.

मुकादमाला जोडी कशासाठी हवी असते? यामागे परंपरा वगैरे काही नाही, सरळ व्यवहार आहे. तोडलेला ऊस वाळला की त्यातील साखर घटते, म्हणून तो एका दिवसाच्या आत गव्हाणीत पडावा अशी कारखान्याची निकड असते. एकटा पुरुष ऊस तोडणार, पाचट सोलणार, वाढे छाटणार, मोळी बांधणार आणि वाहून नेणार म्हटले तर कामाचा वेग निम्म्याहूनही खाली येतो. म्हणून तो तोडतो, ती गोळा करते, बांधते आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून वर चढवते. जेथे बैलगाडीने ऊस जातो तेथील कष्ट वेगळे, आणि ज्याला 'डोकी सेंटर' म्हणतात तेथील वेगळे, परंतु मोळी दोन्हीकडे तिच्या डोक्यावर असतेच. शिवाय बायको-मुले बरोबर असलेला मजूर उचल बुडवून पळून जात नाही. म्हणजे स्त्री ही त्या कर्जाचे तारणही आहे.

आणखी एक फायदा आहे, त्याची चर्चा कोणी करीत नाही. हजारो मजूर एका ठिकाणी आणायचे तर त्यांच्या जेवणाखाणाची सोय करावी लागते. गिरण्यांच्या काळात मुंबईत खाणावळी चालत आणि त्यांचा खर्च मजुराच्या पगारातून निघत असे. साखर कारखान्याला खाणावळ लागत नाही. कोपीत राहणारी स्त्री पहाटे तीनला उठते, पाणी आणते, चूल पेटवते, दोन वेळच्या भाकरी थापते आणि मग फडात जाते. संध्याकाळी फडातून आल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते, आणि रात्री-बेरात्री ट्रक आला तर तिसरी. उसाचा दर टनावर ठरतो. टनात भाकरीचे वजन धरलेले नसते, पाण्याच्या हंड्याचे आणि पाठीवरच्या मुलाचेही नसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. मुळात घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१ होत्या आणि पुरुष शेकडा २६. हा सर्व देशाचा, सर्व थरांचा हिशेब आहे. फडातील स्त्रीची मिनिटे कोणी मोजली असतील असे वाटत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्क्यांची वाढ मान्य झाली आणि दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. वाढ लहान नव्हती आणि ती लढून मिळाली होती. पण हिशेब करून पाहावा. चांगल्या फडात एक जोडी दिवसाला सुमारे दोन टन ऊस तोडते. त्याचे ७३२ रुपये होतात. ते दोघांचे, म्हणजे माणशी ३६६. कामाचे तास चौदा धरले तर ताशी सव्वीस रुपये पडतात, तेही भाकरीचे तास सोडून. पट्टा पडल्यावर हिशेब होतो तेव्हा त्यातून उचल वजा जाते, खाडे वजा जातात आणि पुष्कळदा बाकी पुढच्या हंगामावर चढते. हा हिशेब नवरा आणि मुकादम करतात. वाढे विकून जे चार पैसे येतात तेवढेच काय ते स्त्रीच्या हाताला लागतात, आणि मीठ-मिरचीला जातात.

आता कोणी म्हणेल की वहीची पद्धतच तशी आहे, दोघांचा हिशेब वेगळा ठेवणे अवघड आहे. यावर वहीतच उत्तर आहे. एखादा पुरुष बायकोशिवाय आला तर त्याला 'अर्धा कोयता' म्हणतात आणि उचल निम्मी देतात. म्हणजे वहीला भागाकार येतो. तोटा टाळायचा असेल तेव्हा येतो, श्रेय द्यायचे असेल तेव्हा येत नाही. विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली बाई एकटी फडावर जाऊ म्हणाली तर तिला भाऊ, दीर किंवा वयात आलेला मुलगा जोडीला शोधावा लागतो. जोडी मिळाली की कोयता पुन्हा त्या पुरुषाच्या नावावर.

या वहीचे परिणाम शरीरावर कसे होतात हे २०१९ साली साऱ्या देशाने पाहिले. त्या वर्षी जून महिन्यात आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की मागील तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयांमध्ये गर्भाशय काढण्याच्या ४६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयातील देशभरच्या स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नव्हे हे मान्य करूनही हा फरक पचनी पडण्यासारखा नाही.

तेव्हा वर्तमानपत्रांत एक सोपे चित्र रंगवले गेले: मुकादम बायकांना पाळी नको म्हणून गर्भाशय काढायला लावतात. काही ठिकाणी तसा दबाव असेलही. परंतु बहुतेक ठिकाणी कोणालाही कोणावर जबरदस्ती करावी लागली नाही, आणि ही गोष्ट अधिक भयंकर आहे. साखळी अशी आहे. मुलीचे लग्न सोळा-सतराव्या वर्षी होते. बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण, ताज्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, चाळीस टक्क्यांच्या वर आहे. महाराष्ट्राच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. आईबाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही चिंता त्यामागे असते. तद्वतच नवा कोयता लवकर तयार व्हावा हा हिशेबही असतो. विसाव्या वर्षापर्यंत दोन मुले होतात आणि मग शस्त्रक्रिया होते, ती अर्थात स्त्रीची. १९७६ साली आणीबाणीत पुरुषांवर नसबंदीची सक्ती झाली, तिच्याविरुद्ध समाजवादी लढले ते योग्यच होते. परंतु त्यानंतर कुटुंबनियोजनाचा सगळा भार मुकाट्याने स्त्रीच्या पोटावर सरकला, हे कोणी फारसे मनाला लावून घेतले नाही. आज महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ती शस्त्रक्रिया केलेली आहे, पुरुषांची नसबंदी शेकडा अर्धीही नाही.

पुढे फडात ना न्हाणी, ना संडास, ना पुरेसे पाणी. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावीच लागते, कारण खाडा पडला की दंड, आणि दंड दोघांच्या हिशेबात पडतो. जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जाते, कंबर धरते. कारखान्याच्या परिसरात दवाखाना असला तरी तेथे स्त्रीरोगतज्ज्ञ नसतो. दुखणे अंगावर काढून ती गावी येते आणि एखाद्या खाजगी दवाखान्यात जाते. तेथे सोनोग्राफी होते, 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' असे सांगितले जाते. तिशीही न उलटलेली ती बाई विचार करते: मुले झाली, पिशवीचे काम संपले, दर महिन्याचा त्रास जाईल आणि खाडेही वाचतील. शस्त्रक्रियेला लागणारे तीस-चाळीस हजार मुकादमाच्या उचलीतून येतात. ते फेडण्यासाठी टाके सुकताच पुन्हा फड. मग अवेळी रजोनिवृत्ती, हाडे ठिसूळ होणे, कंबर आणि सांधे कायमचे जाणे. या साखळीत डॉक्टरची लबाडी एक कडी आहे, परंतु तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कड्या सरळ ऊसधंद्याच्या व्यवहारात अडकलेल्या आहेत. याला 'ऐच्छिक' म्हणायचे असेल तर भुकेल्याने जमीन विकणेही ऐच्छिकच.

नंतर शासनाने जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय अशी शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यात करू नये असा निर्बंध घातला. त्याचा उपयोग आहे. परंतु परवानगीची अट डॉक्टरवर आहे. खाड्यावर अट नाही, पाण्यावर नाही, फडातील आडोशावर नाही. प्रसूती लाभाचा कायदा देशात १९६१ सालापासून आहे, २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली. त्याचा लाभ बँकेत, शाळेत, कचेरीत मिळतो, आणि मिळालाच पाहिजे. पण ज्या उद्योगाची उलाढाल हजारो कोटींची आहे, त्याच्या कच्च्या मालाची पहिली मोळी बांधणाऱ्या स्त्रीचा त्या उद्योगाशी कागदोपत्री काही संबंधच नाही. ती मुकादमाची मजूर, आणि त्याच्याकडेही तिच्या नावाची नोंद नाही. मग सव्वीस आठवडे कोणाकडे मागायचे?

याच जिल्ह्याची दुसरी एक आकडेवारी आहे. २००१ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली त्या ८०७ झाल्या. सबंध महाराष्ट्रात हा सर्वांत खालचा आकडा होता. २०१२ साली परळीत एका स्त्रीचा गर्भपाताच्या वेळी मृत्यू झाला, तेथील डॉक्टर दांपत्याचे नाव देशभर गेले आणि २०१९ साली न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा दिली. जणू सगळे पाप त्या एका दवाखान्यात होते, अशा सुटकेच्या भावनेने जिल्ह्याने ते प्रकरण मिटवले. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला होता. मुंबईतील स्त्री-संघटनांनी आणि विधानसभेत मृणाल गोरे यांनी तो प्रश्न लावून धरला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायद्याची उणीव नव्हती.

येथे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला थांबावे लागते, कारण येथे पुस्तकातील एक सिद्धान्त अडखळतो. एस्टर बोसरप यांचा १९७० सालचा विकासातील स्त्रीच्या स्थानावरील ग्रंथ प्रसिद्ध आहे. जेथे शेतीत स्त्रीच्या श्रमाला मागणी असते तेथे तिचे स्थान वरचे असते, जेथे ती चार भिंतींत असते तेथे हुंडा वाढतो, असा त्यातील विचार आहे. भारतातही भातशेतीच्या प्रदेशांत मुली अधिक जगतात आणि गव्हाच्या प्रदेशांत कमी, याची संगती पुष्कळांनी अशीच लावली. मग बीडचे काय? येथे स्त्री घरात बसलेली नाही. पुरुषाइतकीच, किंबहुना अधिक राबते. मुकादमाला तिच्यावाचून चालत नाही. तरीही मुलगी नकोशी का व्हावी? गर्भलिंगनिदानाचा खर्च परवडणारी माणसे ऊसतोडीला जाणाऱ्यांपेक्षा बागायतदार, व्यापारी आणि नोकरदारांत अधिक असणार, हे खरे आहे, आणि सगळा दोष गरिबाच्या झोपडीवर टाकण्याची आपल्याकडील सवय येथेही टाळली पाहिजे. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही.

अमर्त्य सेन यांनी १९९० साली जगातून दहा कोटींहून अधिक स्त्रिया 'नाहीशा' झाल्याचे गणित मांडले तेव्हा त्यांनी एका गोष्टीवर भर दिला होता. कुटुंबात कोणाला किती वाटा मिळतो हे कोण किती कमावते यापेक्षा कोण कमावते असे मानले जाते यावर ठरते. बोसरपबाईंच्या सिद्धान्तात बीडपुरती दुरुस्ती करायची तर ती अशी. स्त्रीचा श्रम बाजारात असणे पुरेसे नाही. तो तिच्या नावाने बाजारात असावा लागतो. कोयत्याच्या वहीत मुलीची कमाई जावयाच्या नावावर चढते, मग बापाने तिला कमावती का मानावे? तिच्या लग्नात हुंडा द्यायचा, म्हणजे एक कोयता घडवण्याचा खर्च आपण करायचा आणि उचल दुसऱ्याने घ्यायची, असा विचार एखाद्या बापाने केला तर तो निर्दय असेल, अडाणी म्हणता येणार नाही.

'नवरा-बायकोत माझे-तुझे कसले? पैसा एकाच घरात येतो,' असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांत सुशिक्षित पुष्कळ असतात. एकाच घरात येतो हे खरे. पण सातबारावर नाव कोणाचे, हे विचारले की घर एक राहत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीच्या खातेदारांमध्ये स्त्रिया शेकडा चौदाच्या आसपास होत्या. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, केंद्राने २००५ साली दिला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील उरलेली शंकाही काढून टाकली. आणि या तीनही घटना पचवून तलाठ्याच्या कचेरीबाहेर हक्कसोडपत्रांचे काम सुखेनैव चालू आहे. बहीण येते, सही करते, साडीचोळी घेते आणि माहेर तुटू नये म्हणून हसतमुखाने परत जाते. भावाने हक्कसोड करून बहिणीला जमीन दिली, असे उदाहरण शोधायला मात्र फिरावे लागेल.

अशा स्थितीत बदल होऊ शकतो की नाही? झालेला आहे, आणि याच जिल्ह्यात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील स्त्रिया खडी फोडायला आणि नालाबंडिंगला उतरल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि १९७९ पासून तो अमलात आला. कामे कष्टाची होती, मजुरी थकायची, मापात लबाडी व्हायची. ते सगळे मोर्चे या भागाला आठवत असतील. परंतु हजेरीपटावर बाईचे नाव बाईचे म्हणून असे आणि कामाचा दर स्त्रीला वेगळा, पुरुषाला वेगळा नसे. हा हक्क गावातील प्रत्येक सज्ञान व्यक्तीचा होता. २००५ साली देशाने हीच कल्पना घेतली तेव्हा शंभर दिवसांची हमी कुटुंबाला दिली, व्यक्तीला नाही. दिल्लीला जाताना स्त्री पुन्हा कुटुंबात विरघळली. या फरकाची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी महाराष्ट्रातही झाली नाही.

नावाची लढाई स्त्रियांनी इतरत्रही लढलेली आहे. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली तेव्हा टाकलेल्या बायकांना पोटगीबरोबरच स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड हवे होते, कारण त्यांचे नाव नवऱ्याच्या कार्डावर अडकलेले होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातील सर्वांत वडील स्त्रीलाच शिधापत्रिकेपुरते कुटुंबप्रमुख मानले. अंबाजोगाईत शैला लोहिया यांनी 'मनस्विनी'च्या माध्यमातून एकट्या स्त्रियांना उभे केले, आणि स्त्री आणि भूमी यांच्या नात्याचा अभ्यासही केला. शरद जोशींचा आर्थिक विचार समाजवाद्यांना कधी मानवला नाही, परंतु १९८६ चे चांदवडचे शेतकरी महिला अधिवेशन आणि त्यानंतर 'लक्ष्मीमुक्ती'तून बायकोच्या नावावर जमीन करून देणारी गावे, यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावे करा, हे शेतकऱ्याला सांगण्याचे धैर्य डाव्या संघटनांपैकी किती जणांनी दाखवले, हे ज्याचे त्याने आठवावे.

कारण दोष फक्त मुकादमाचा आणि साखरसम्राटांचा नाही. सहकारी साखर कारखानदारीचे गोडवे धनंजयराव गाडगिळांपासून सगळ्यांनी गायले. प्रवरेच्या कारखान्यापासून ग्रामीण महाराष्ट्राचा चेहरा बदलला, यात शंका नाही. पण त्या सहकारात सभासद होता ऊस उत्पादक, कामगार होता कारखान्यातला, आणि तोडणारा दोन्हींत नव्हता. पुढे ऊसतोड कामगारांच्या संघटना झाल्या, संप झाले, दर वाढले. संघटनांच्या मागण्यांत टनाचा दर असे आणि मुकादमाचे कमिशन असे. कमिशनची मागणी मजुरांच्या संघटनेने का करावी हे कोडे बाजूला ठेवू. पाळीच्या दिवसांचा खाडा, बाळंतपणाची रजा, फडावरचा पाळणा, या मागण्या निवेदनाच्या तळाशी असत आणि तडजोडीत पहिल्यांदा त्याच गळत. वाटाघाटीच्या मेजाभोवती जे बसत त्यांत कोयत्यातील अर्धा भाग कधी दिसला नाही. डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला पहिले स्थान दिले. सभांमधून ते पाठ म्हणून झाले आणि संघटनेच्या कामात ते सातव्या क्रमांकावर गेले. आधी वर्गाचा प्रश्न सुटू द्या, मग बायकांचे पाहू, असे म्हणणाऱ्यांच्या ध्यानात एवढेच आले नाही की बीडच्या फडात वर्ग या शब्दाची निम्मी व्याप्ती स्त्री आहे.

आता घाई करण्याचे आणखी एक कारण उभे राहिले आहे. उसाच्या फडात तोडणी यंत्रे येत आहेत आणि त्यांना सरकारी अनुदान मिळते. यंत्राला विरोध करण्यात अर्थ नाही, हे काम माणसाने करण्यासारखे नव्हेच. पण मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास विसरू नये. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्या गिरण्यांतील सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला, पुढे वेतनाचे प्रमाणीकरण आले, नवी यंत्रे आली, आणि मालकांनी ज्या खात्यांत स्त्रिया होत्या तीच खाती आधी आवळली. त्या वेळच्या संघटनांनी पुरुषाच्या पगारात कुटुंब चालले पाहिजे या सूत्रावर समाधान मानले. शतक संपता संपता गिरणीत स्त्री शोधून सापडत नव्हती. तोडणी यंत्राच्या चाकामागे कोण बसणार आणि भरपाई कोणाच्या नावावर निघणार, हे आज ठरले नाही तर यंत्र आल्यावर ठरणार नाही. ज्या स्त्रीने काम केल्याचा पुरावाच नाही, तिचे काम गेल्याचा पुरावा ती कोठून आणणार?

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे, टनामागे कारखान्यांकडून रक्कम घेण्याचे ठरलेले आहे. मागण्या नव्याने शोधायच्या नाहीत. प्रत्येक तोडणी कामगाराची नोंद स्वतंत्र व्हावी आणि ओळखपत्र स्वतंत्र मिळावे. उचलीच्या करारावर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि स्त्रीची सही नसेल तर तिच्या श्रमातून ती वसूल होऊ नये. हंगामाचा हिशेब दोन नावांनी व्हावा आणि तिचा अर्धा भाग तिच्या बँकखात्यात जावा. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजनेत महिन्याचे १५०० रुपये थेट स्त्रियांच्या खात्यात पोहोचवताना सरकारला काही अडचण आली नाही. निवडणुकीच्या आधी तर मुळीच आली नाही. तेव्हा खाती आहेत आणि पैसे पोहोचवण्याची वाटही आहे. ओवाळणी ज्या वाटेने जाते त्याच वाटेने मजुरी जायला हरकत कोणाची, हे शोधून काढले पाहिजे.

हरकत मुकादमाची असेल, कारखान्याची असेल. पहिली हरकत बहुधा घरातूनच येईल, आणि ती घेणारा स्वतः नाडलेला, कर्जात बुडालेला, पाठीचे हाड झिजलेला पुरुष असेल. त्याच्याशी बोलणे हे सर्वांत अवघड काम आहे, आणि ते शासनाचा कोणताही अध्यादेश करणार नाही. ते गावात, दसऱ्याच्या आधी, टोळ्या भरायच्या वेळी त्याच्या ओट्यावर बसून करावे लागेल, आणि त्या वेळी त्याच्या बायकोने आतून चहा पाठवून न देता बाहेर येऊन बसावे लागेल.